सामन एक नसतो

"सामन वाचवा" अशा पाट्या आमच्या सिएटलच्या बाजूला जिथे तिथे दिसतात. त्या पाट्यांबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे, ती आज एकदाची लिहून टाकते. कुरकुर अशी की "सामन" नावाचा एकच एक मासा नसतोच. नेमका कोणता वाचवायचा हे पाटीवर कधी लिहिलेलं नसतं, आणि गेल्या दीडशे वर्षांतले बरेचसे घोळ हा प्रश्न कुणी न विचारल्यामुळे झालेत, असं माझं (आता बऱ्यापैकी पक्कं झालेलं) मत आहे.

पोस्ट लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी नातेवाइकांसाठी एक खुलासा. आमची काकू फोनवर दर वेळी विचारते, "सामन म्हणजे आपला रावसच ना गं?" नाही काकू. रावसाला बाजारात 'इंडियन सामन' म्हणतात हे खरं, पण ते नुसतं नाव. रावसाच्या पुढच्या पंखांखाली मिशांसारखे लांब धागे असतात, त्याचं घराणंच वेगळं. सामनचे सख्खे भाऊबंद म्हणजे ट्राउट. चुलत घराणं शोधायचं तर पाइक नावाचा गोड्या पाण्यातला एक लांबुडका, दातेरी मासा.

दुसरा प्रश्न पाहुण्यांचा. भारतातून कुणी आलं की आम्ही बॅलर्डच्या लॉक्सवर नेतो. तिथे माशांसाठी बांधलेली पाण्याची शिडी आहे आणि तिला काचेच्या खिडक्या आहेत. समुद्रातून तळ्याकडे निघालेले मासे नाकासमोरून जाताना दिसतात. मासे बघून झाले, इथला चिनूक सामन १९९९ पासून कायद्याने 'धोक्यात' आहे हे सांगून झालं, की पाहुणे हमखास म्हणतात, "पण दुकानात तर ढीग होता!" होता. पण तो ढीग बहुतेक अटलांटिक सामनचा, नॉर्वे नाहीतर चिलीच्या किनाऱ्यावर पिंजऱ्यांत वाढवलेला. नॉर्वेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाळीसेक नद्यांतले मासे गोळा करून त्यांची पैदास सुरू झाली. लवकर वाढणारे निवडत निवडत आजचा दुकानातला मासा तयार झाला. पोल्ट्रीची कोंबडी भरपूर आहे म्हणून रानकोंबडा सुखरूप आहे असं आपण म्हणत नाही. इथेही म्हणू नये.

आमच्या बाजूचे, म्हणजे पॅसिफिकचे सामन वेगळे. चिनूक, कोहो, सॉकआय, चम आणि पिंक हे पाच, शिवाय समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट, ज्याला इथे स्टीलहेड म्हणतात. जपानच्या बाजूला आणखी मासू वगैरे. शाळेतली मुलं ही पाच नावं पाच बोटांवर पाठ करतात. पण पाच हा आकडाही फसवा आहे, हेच तर सांगायचंय.

थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे आठ ते दहा कोटी वर्षं. :-)

त्या सुमाराला ह्या घराण्याच्या पूर्वजाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. त्याची सगळीच्या सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. प्रत्येक जनुकाची एक जादा प्रत. पाइकच्या घराण्यात हे झालं नाही, सामन-ट्राउटच्या घराण्यात झालं. असे अपघात प्राण्यांमध्ये सहसा जिवावर बेततात, हा पचला. जादा प्रती असल्या की एक प्रत जुनं काम करत राहते आणि दुसरीला नवं काही करून बघायची मोकळीक मिळते. २०१६ मध्ये अटलांटिक सामनचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की दुप्पट झालेल्या जनुकांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जोड्या अजून शाबूत आहेत, दोन्ही प्रती कामावर. इतक्या कोटी वर्षांनंतरही हिशेब मिटलेला नाही! घरातली जुनी भांडी कुणी टाकून देत नाही तसं काहीसं. ब्रिटिश कोलंबियात ड्रिफ्टवुड क्रीक नावाच्या ठिकाणी ह्या घराण्याचा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडलाय, त्यावरून तेव्हाचा मासाही साधारण ओळखीचा वाटतो. मध्येच काही अजब नातेवाईकही होऊन गेले. पावणेतीन मीटरपर्यंत लांब, वरच्या जबड्यातून सुळे आलेला एक सामन होता. ते सुळे वाघासारखे खाली वळलेले असतील असं बरीच वर्षं चित्रांत दाखवायचे. २०२४ मध्ये कळलं की ते दोन्ही बाजूंना आडवे होते, रानडुकरासारखे. ह्या माहितीचा पुढच्या युक्तिवादाशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता खरी गोष्ट. सुमारे १७,००० वर्षांपूर्वी आज जिथे सिएटल आहे तिथे जवळपास ९०० मीटर जाडीचा बर्फ होता. नद्या नव्हत्याच. सामन तेव्हा बर्फाच्या दक्षिणेला कोलंबिया नदीच्या बाजूला आणि उत्तरेला अलास्का-सायबेरियाच्या मधल्या प्रदेशात तगून होते. बर्फ मागे हटला, नद्या मोकळ्या झाल्या आणि मासे दोन्हीकडून आत शिरले. म्हणजे आमच्याकडच्या एकूण एक नदीतला सामन हा कधीतरी 'बाहेरून आलेला' आहे. (मराठी मंडळातल्या 'मूळचे कुठले?' ह्या चर्चेत हे एकदा टाकून बघा.)

पण सामन तर आपल्याच नदीत परततो ना? हो. गोट्यांमध्ये अंडी घातली जातात, पिल्लं गोड्या पाण्यात थोडी वाढून समुद्रात जातात, काही वर्षांनी परत फिरतात आणि बहुतेक सगळी आपल्या जन्माच्या ओढ्यापर्यंत येतात. हे ती वासाने करतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्थर हॅस्लर ह्यांनी १९५०च्या दशकापासून ह्यावर काम केलं. नंतर त्यांच्या गटाने लहान कोहोंना एका रसायनाचा वास लावून सोडलं आणि पुढे तोच वास भलत्याच ओढ्यात सोडला, तर मोठे झालेले मासे त्या भलत्या ओढ्यात आले. माहेरचा वास म्हणतात तो असा. पण दर पिढीत थोडे मासे चुकतात. किंवा चुकतात असं आपण म्हणतो. ह्या चुकणाऱ्यांमुळेच नव्या नद्या भरतात. अलास्कात ग्लेशियर बेमध्ये गेल्या दोन-अडीचशे वर्षांत बर्फ मागे हटून कोरे करकरीत ओढे तयार झाले, तिथे सामन आपणहून पोचले. १९८० मध्ये सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटून टूटल नदी चिखलाने भरली, तेव्हा तिथले स्टीलहेड शेजारच्या नद्यांत शिरले.

बहुतेक परततात, थोडे भरकटतात. ह्या दोन सवयींतून सगळी गंमत घडते. परतल्यामुळे प्रत्येक नदीतला मासा त्या नदीपुरता घडत जातो. तिथलं पाणी किती गार, पूर केव्हा येतो, गोटे केवढे, धबधबा किती उंच. भरकटल्यामुळे तो पार तुटतही नाही. आपल्याकडे दर दहा कोसांवर बोली बदलते म्हणतात, पण शेजारच्या गावाशी सोयरीकही चालू असते, तसंच.

ह्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण पिंक सामनचं. हा मासा बरोबर दोन वर्षं जगतो. ना एक, ना तीन. त्यामुळे २०२३ मध्ये जे आले त्यांची मुलं २०२५ मध्ये, आणि २०२४ वाल्यांची २०२६ मध्ये. एकच नदी, तेच गोटे, तेच पाणी, पण सम वर्षांचे आणि विषम वर्षांचे मासे एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. डीएनए तपासला तर एकाच नदीतल्या सम आणि विषम माशांत जितका फरक निघतो, तितका दूरदूरच्या नद्यांतल्या विषम-विषम माशांत निघत नाही. भिंत नाही, डोंगर नाही, मध्ये फक्त एक वर्ष! आणि हा कठोर नियम मोडतोसुद्धा. १९५६ मध्ये कॅनडातल्या एका केंद्रातून थोडी पिल्लं सुपीरियर तळ्यात सुटली, सगळी विषम वर्षाची. काही वर्षांनी तिथे तीन वर्षांनी परिपक्व होणारे मासे निघाले आणि १९७६ पासून सम वर्षांतही पिंक सामन दिसू लागले.

तेव्हा पाच जाती वाचवल्या की काम झालं, असं नाही. त्या पाच नावांखाली शेकडो घराणी आहेत.

इथे एक हुशार आक्षेप येतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आक्षेप असा: सामन इतक्या झपाट्याने बदलत असेल, तर एखादं घराणं गेलं तर गेलं. दुसरीकडचे आणून सोडा, होतील तेही त्या नदीचे.

ह्या आक्षेपाला पुरावा आहे, आणि तो आमच्या अंगणातलाच आहे. १९१६ मध्ये सिएटलचा जहाजांचा कालवा झाला तेव्हा लेक वॉशिंग्टनची पातळी जवळजवळ नऊ फुटांनी खाली गेली. तळ्यातून बाहेर पडणारी ब्लॅक रिव्हर नावाची नदी आटून संपली. सीडर नदी, जी पूर्वी त्या ब्लॅक रिव्हरला मिळायची, तिला वळवून तळ्यात सोडलं होतं. पुढे १९३७ ते १९४५ ह्या काळात ह्या उलटसुलट करून टाकलेल्या पाण्यात सॉकआय सोडले, मुख्यतः बेकर नदीतले. त्यातले काही सीडर नदीत अंडी घालू लागले, काही तळ्याच्या काठावर. २००० साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. जेमतेम १३ पिढ्यांत नदीवाले आणि काठवाले अंगाने वेगळे झाले होते, काठावरचे नर पाठीला जास्त उंच वगैरे. त्यांच्यातली देवाणघेवाणही कमी झाली होती. न्यूझीलंडचं तसंच. १९०१ ते १९०७ मध्ये कॅलिफोर्नियातून चिनूकची अंडी तिथे पाठवली. आज तिथल्या वेगवेगळ्या नद्यांतले चिनूक एकमेकांपासून ओळखू येण्याइतके वेगळे आहेत. शंभर वर्षंसुद्धा लागली नाहीत.

मग? सगळंच परत घडवता येतं?

नाही. कारण सगळे गुण एका जातीचे नसतात. पाठ किती उंच, अंडं केवढं, अशा गुणांवर शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. ते वैविध्य कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या थव्यात पडून असतंच, गरज पडली की कामाला येतं. पण काही गुण असे आहेत की त्यांचा एकच खास ऐवज असतो. तो घरातून गेला की गेला. विकत मिळत नाही.

चिनूकमध्ये असा ऐवज सापडलाय. चिनूक दोन तऱ्हांनी नदीत येतात. शरदातले मासे अंडी घालायला जवळपास तयार होऊन येतात, खालच्या टप्प्यात अंडी घालतात, संपतात. वसंतातले मासे मात्र बर्फ वितळून नद्या फुगल्या की येतात, अजून अपक्व, अंगावर भरपूर चरबी. ते पार उगमाकडे जातात आणि अख्खा उन्हाळा गार डोहांत न खाता थांबून राहतात. चवीला अर्थात हेच उत्तम, आणि नदीकाठच्या आदिवासी जमातींसाठी हिवाळ्यानंतरचं पहिलं ताजं अन्नही हेच. क्लॅमथ नदीवरच्या करुक लोकांचा वर्षाचा पहिला विधी ह्या वसंतातल्या माशाचा आहे.

वर्षानुवर्षं असं मानलं जायचं की हे दोघे काही फार वेगळे नाहीत. एका नदीतले वसंताचे आणि शरदाचे मासे एकमेकांचे जवळचे नातेवाईक, जीनोमभर पाहिलं तर फरक नगण्य. त्यामुळे क्लॅमथच्या वसंतातल्या चिनूकला वेगळं संरक्षण द्या ही मागणी २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या मत्स्य खात्याने फेटाळली. कायद्याच्या भाषेत ते 'वेगळं घराणं' भरत नव्हतं.

मग २०१७ मध्ये डेव्हिसच्या विद्यापीठातून अभ्यास आला. वसंत की शरद, हे गुणसूत्रावरच्या एका छोट्याशा तुकड्याशी घट्ट जोडलेलं निघालं, ग्रेब-वन-एल नावाच्या जनुकाच्या शेजारचा. आणि त्याची लवकर येणारी आवृत्ती चिनूकच्या इतिहासात बहुधा एकदाच उपजली, मग भरकटणाऱ्या माशांबरोबर नदीनदीत पसरली. प्रत्येक नदीत ती नव्याने निर्माण झाली नव्हती. म्हणजे एखाद्या नदीतून ती पुसली गेली तर शरदातल्या माशांतून आपोआप उगवणार नाही.

कुणी म्हणेल, शरदातल्या माशांत ती लपून बसली असेल की! हाही प्रश्न विचारला गेला. ओरेगनच्या रोग नदीवर १९७७ मध्ये लॉस्ट क्रीक धरण झालं, पाण्याचं वेळापत्रक बदललं, आणि काही पिढ्यांतच वसंताची आवृत्ती झपाट्याने कमी झाली. क्लॅमथच्या वरच्या भागात, जिथे धरणांमुळे शतकभर सामन पोचलेच नव्हते, तिथे पुरातत्त्वीय उत्खननांत सापडलेल्या जुन्या माशांच्या हाडांतून डीएनए काढला. हाडांत वसंताची आवृत्ती होती. खालच्या बाजूला आज हिंडणाऱ्या शरदातल्या माशांत ती जवळजवळ नाही. दोन्हींची एकेक प्रत असलेला मासा मधल्याच वेळेला येतो, न धड वसंत न धड शरद. धरणांनी बदललेल्या नदीत त्याचा टिकाव लागत नाही, त्यामुळे लपून बसायलाही जागा राहत नाही.

ह्यावरून तज्ज्ञांत वाद झाला आणि तो अजून चालू आहे. एका जनुकाच्या तुकड्यावरून वेगळं घराणं मानायचं? उद्या प्रत्येक जनुकासाठी कोणीतरी अर्ज घेऊन येईल, मग कायदा कशाकशाला पुरणार? शिवाय एका जनुकाकडे बघता बघता बाकीच्या हजारो जनुकांकडे दुर्लक्ष होईल ते वेगळंच. ह्या शंका पोकळ नाहीत. तरीही माझं मत वसंतातल्या माशाच्या बाजूने आहे. त्याचं कारण जीनोमच्या टक्केवारीत नाही, नदीच्या नकाशात आहे. वसंताचा मासा नदीच्या अशा भागात राहतो जिथे शरदाचा पोचत नाही. तो गेला की नदीचा वरचा अर्धा भाग रिकामा होतो. त्याच्या अंगातून समुद्राचं खत उगमापर्यंत जायचं, तेही थांबतं. फरक एका तुकड्याचा असेना का, जगणं वेगळं आहे. आणि ज्या फरकाशिवाय अख्खं जगणं जातं, तो छोटा म्हणायचा कसा? करुक लोक हे दोन मासे वेगळे आहेत असं कुठलंही यंत्र यायच्या आधीपासून सांगत होते. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये क्लॅमथ-ट्रिनिटीच्या वसंतातल्या चिनूकला आपल्या यादीत घेतलं. बरं केलं.

क्लॅमथवरची चार धरणं २०२३ आणि २०२४ मध्ये पाडली, हे तुम्ही वाचलं असेल. जगातलं आजवरचं सगळ्यात मोठं धरणं पाडण्याचं काम. शेवटचा अडथळा गेल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वर ओरेगनमध्ये चिनूक दिसला, १९१२ नंतर पहिल्यांदा. मी बातमी वाचून नवऱ्याला ऑफिसात फोन केला होता. पण आले ते शरदातले. वसंतातल्यांचा हिशेब वेगळा आहे. खोऱ्यात रानटी वसंती चिनूक उरलेत ते मुख्यतः सामन रिव्हर ह्याच नावाच्या उपनदीत. दर उन्हाळ्यात लोक तोंडाला नळी लावून त्या नदीत पोहत पोहत ते मोजतात, आणि अलीकडे काही वर्षी दोनशेसुद्धा भरलेले नाहीत. म्हणून ओरेगनने शरदातल्यांना आपणहून येऊ द्यायचं आणि वसंतातल्यांना मात्र माणसांनी नेऊन सोडायचं, असं ठरवलं. पटतं मला ते. दरवाजा उघडला, पण येणारं कुणी उरलं पाहिजे ना.

एल्व्हा नदीचा अनुभव ह्याच्या बरोबर उलटा आहे, तो सांगितलाच पाहिजे. आमच्याकडून फेरीने पलीकडे गेलं की ऑलिंपिक डोंगरात ही नदी. तिच्यावरची १९१३ आणि १९२७ सालची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली. उन्हाळ्यात येणारे स्टीलहेड तिथे जवळजवळ संपलेच होते. धरणं गेल्यावर ते परत दिसू लागले, कुणी न सोडता! डीएनए तपासल्यावर कळलं की धरणाच्या वर अडकून पडलेले साधे रेनबो ट्राउट पिढ्यानपिढ्या तो ऐवज सांभाळून होते. समुद्र बघितला नव्हता त्यांनी शंभर वर्षं. चिनूकला हे जमत नाही, कारण चिनूक सहसा असा गोड्या पाण्यात अडकून घराणं चालवत नाही. दोन नद्या, दोन धरणं पाडण्या, आणि एकीत ठेव शिल्लक तर दुसरीत नाही. हे आधी तपासल्याशिवाय कळलं नसतं.

आता हॅचऱ्या. इथे माझं बहुतेक मित्रमंडळींशी भांडण होतं.

पॅसिफिक सामनची पहिली हॅचरी १८७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅक्क्लाउड नदीवर लिव्हिंगस्टन स्टोन ह्यांनी काढली. तेव्हापासूनची समजूत अशी: नदी अडवा, लाकूड तोडा, जाळी टाका, काही बिघडत नाही, मासे आम्ही तयार करून देतो. बियाण्याच्या पोत्यासारखी अंडी इकडून तिकडे गेली. आमच्या प्युजेट साउंडमध्ये ग्रीन रिव्हरचे चिनूक कितीतरी नद्यांत सोडले गेले. आकडे वाढले की सगळे खूश. पण हॅचरीच्या टाकीतही निवड होतच असते. तिथे शिकारी नाही, पूर नाही, खाणं वरून पडतं. टाकीत जगायला लायक तो नदीत लायक असेलच असं नाही. ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवरचा २००७चा अभ्यास प्रसिद्ध आहे: टाकीत काढलेल्या दर पिढीमागे नदीत मुलं वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. पुढे २०१६ मध्ये दिसलं की एकाच पिढीत सातशेहून जास्त जनुकांच्या कामकाजात फरक पडतो. एका पिढीत! असे मासे नदीतल्या माशांशी जोड्या जमवतात आणि नदीच्या घराण्यात पाणी मिसळत जातं. आंबेमोहर म्हणून दुकानातून आणलेला तांदूळ शिजवताना घरभर वास येत नाही, तेव्हा आपल्याला कळतं काय झालंय ते. नदीला कळायला वेळ लागतो.

तरी हॅचऱ्या सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. १९७४च्या बोल्ट निकालाने इथल्या जमातींना मासेमारीतला अर्धा वाटा मान्य केला. नद्यांची वाट दुसऱ्यांनीच लावल्यावर आज तो वाटा हॅचरीच्या माशांशिवाय भरत नाही. त्यांना जाऊन जनुकशास्त्र शिकवायचा अधिकार मला तरी वाटत नाही. आणि आयडाहोचं रेडफिश लेक आहेच. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत, दोन हजार मीटर उंचीवर. १९९२ मध्ये तिथे एकच सॉकआय परतला. एकच. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी'. १९९१ ते १९९८ ह्या आठ वर्षांत मिळून परतले अवघे १६. ते सोळाच्या सोळा टाकीत घेऊन, कुणाची जोडी कुणाशी लावायची ह्याचा डीएनएवरून हिशेब ठेवून ते घराणं जगवलं, आणि २०१४ मध्ये दीड हजारांवर परतले. हे हॅचरीचंच काम. फरक हेतूत आहे: तिथे दुसरीकडचे सॉकआय आणून तळं भरलं नाही. त्या तळ्याचाच मासा धरून ठेवला.

मॅक्क्लाउडची पुढची गोष्टही विचार करायला लावणारी. शास्ता धरणामुळे १९४०च्या दशकात त्या नदीतले सामन संपले. तिथली विनेमेम विंटू जमात २०१० मध्ये न्यूझीलंडला गेली, राकाया नदीकाठी, कॅलिफोर्नियातून गेलेल्या माशांच्या वंशजांपुढे नाचायला आणि माफी मागायला. तेच मासे परत हवेत अशी त्यांची मागणी आहे. आता जनुकांच्या अभ्यासानुसार न्यूझीलंडचे चिनूक सॅक्रॅमेंटो खोऱ्यातल्या शरदातल्या माशांच्या जवळचे आहेत, आणि मॅक्क्लाउडला संकटात असलेला खास मासा होता हिवाळ्यात येणारा. २०२२ मध्ये सरकारी खात्यांनी जमातीबरोबर मिळून ह्या हिवाळी चिनूकची अंडी मॅक्क्लाउडवर नेली, ऐंशीएक वर्षांनी पहिल्यांदा. ह्यात कोण बरोबर? डीएनएच्या हिशेबाने खात्यांचा मासा जवळचा. पण शंभर वर्षं टाकीबाहेर, स्वच्छ नदीत, स्वतःच्या हिमतीवर जगलेला मासा जास्त 'सामन' आहे हे जमातीचं म्हणणं मला वेडेपणाचं वाटत नाही. दोन्ही बाजू निदान 'कोणता मासा?' हा प्रश्न तरी विचारतायत.

हे सगळं इतक्या लांबचं आहे असं पुण्यातल्या मंडळींना वाटत असेल तर थांबा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स ह्यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं आणि स्थानिक नावावरून त्याला 'खुद्री' नाव दिलं. ह्या आपल्या निळ्या पंखांच्या महसीरची पैदास लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून होते. काम उत्तम, त्यामुळे लाखो पिल्लं निघाली आणि देशभर गेली. कावेरीतही गेली. कावेरीत मात्र आधीपासून दुसरा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोच्या पुढे जाणारा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. गळाने मासे पकडणाऱ्यांच्या नोंदवह्या नंतर तपासल्या तर दिसलं की कावेरीत पुण्याचा वाढत गेला आणि कुबडवाला कमी कमी. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख एकदाची पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. इतकी वर्षं नुसते 'महसीर' मोजले तर कावेरीत सगळं छान चाललं होतं.

महाडजवळ वाळणकोंडाला काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून महसीर राखलेले आहेत. लहानपणी आजोळच्या लोकांबरोबर जाऊन त्यांना कुरमुरे घातलेत मी. काळ नदी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, मुळा-मुठा पूर्वेला भीमेतून कृष्णेत. ह्या दोन पाण्यांतले मासे सह्याद्री ओलांडून कधी भेटलेले नाहीत. तेव्हा महाडकडच्या सगळ्या भाऊ-वहिनींना विनंती: गावात कुणी 'डोहात मासे कमी झालेत, लोणावळ्याहून पिल्लं आणून सोडू या' असं सुचवलं, तर त्यांना आधी माझ्याशी फोनवर गाठ घालून द्या. रात्री साडेनऊनंतर करा, तेव्हा इथे सकाळ असते.